‘मालकच नको म्हणतो’ म्हणणाऱ्या एजंटाला आपण का सोडतो?

‘पूर्ण नाव सांगा ना.’ शहरात भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या बहुतेक पोरापोरींनी हे वाक्य ऐकलेलं आहे. नावाने भागलं नाही तर आडनाव, आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, आणि गावानेही कळलं नाही तर ‘नॉनव्हेज खाता का?’ दोन तासांनी फोन येतो, ‘अहो, मालकाने फ्लॅट नातेवाइकाला द्यायचं ठरवलं.’ आठ दिवसांनी तोच फ्लॅट त्याच फोटोंसह ॲपवर पुन्हा दिसतो.

आपण चिडतो मालकावर, सोसायटीच्या कमिटीवर. चिडायलाच हवं. पण ज्याने आपलं आडनाव विचारलं आणि मालकापर्यंत पोचवलं, त्या एजंटाला मात्र ‘माझं काही नाही हो, मालकच नको म्हणतो’ एवढ्या एका वाक्यावर आपण सोडून देतो. आमचं म्हणणं, सोडू नये.

एजंट म्हणजे निरोप्या नव्हे. तो मालकाकडूनही दलाली घेतो आणि आपल्याकडूनही. पैसे दोघांचे घ्यायचे आणि इमान एकाशीच ठेवायचं, ही कुठली रीत? शिवाय मालकाने सांगितलेलं काम कायद्याविरुद्ध असेल, तर ‘सांगितलं म्हणून केलं’ हे उत्तर होत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ उघडून कलम ४ वाचा. कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणं, मिळवणं किंवा तिथे राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणं हा गुन्हा आहे. कलम १२ तर त्याहून महत्त्वाचं. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं; तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. ही कलमं आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना पाठ आहेत?

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेलं. तेव्हा लोक काठ्या घेऊन आले होते. आता काठी लागत नाही, एजंटाचा एक फोन पुरतो.

यावर हल्ली एक गोड उपाय सुचवला जातो: स्वयंनियमन. म्हणजे धंद्यातल्या लोकांनीच संघटना काढायची, आचारसंहिता करायची, आपल्या माणसांवर लक्ष ठेवायचं. महारेराने २०१९ मध्ये बिल्डरांसाठी अशा स्वयंनियामक संस्थांची सोय केली. एजंटांसाठी २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा आली. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्यं दिली आहेत, त्यात जातीच्या भेदभावाबद्दल अवाक्षर नाही. आणि हा कायदा मुळात नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरता. भाड्याचं घर दाखवणारा एजंट, म्हणजे आपल्या पोरांना रोज भेटणारा, त्याच्या बाहेरच!

धंद्याच्या हाती सोपवलं की काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या रिअल इस्टेट बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ मध्ये आपल्या नीतिसंहितेत कलम ३४ घातलं. ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या मालमत्तेची किंमत पडेल अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना एजंटाने तिथे आणू नये, असा त्याचा आशय. काळ्या माणसाला गोऱ्या वस्तीत घर दाखवणं हीच अनीती ठरली. वंशाचा उल्लेख निघाला तो १९५० मध्ये. कागदावरून निघाला, व्यवहारातून नाही. घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा यायला १९६८ उजाडलं, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर आठवड्याभरात. त्या कायद्याला याच संघटनेने विरोध केला होता. तिने जाहीर माफी मागितली २०२० मध्ये. आचारसंहिता होती, शिस्त होती, आणि तीच भेदभाव राबवत होती.

काही जण म्हणतील, एजंट बिचारा पोटासाठी करतो. आपलीही काही पोरं या धंद्यात आहेत. खरं आहे. एकट्याने मालकाला ‘जात विचारणार नाही’ म्हटलं तर तो फ्लॅट शेजारच्या एजंटाकडे जातो, याची दलाली बुडते. पण म्हणूनच हा प्रश्न कुणाच्या सद्सद्विवेकावर सोडता येत नाही. नियम सगळ्यांना लागू असेल आणि मोडल्यावर नोंदणी रद्द होत असेल, तरच प्रामाणिक एजंटाला ‘नाही’ म्हणता येईल. भाड्याच्या एजंटांनाही नोंदणी सक्तीची करा, आणि जात-धर्म विचारणं व त्यावरून घर नाकारणं हे नोंदणी रद्द होण्याचं कारण ठरवा, ही आमची मागणी.

पुरावा कुठून आणायचा? अमेरिकेत दोन सारख्या माणसांना, फक्त वंश वेगळा, एकाच एजंटाकडे पाठवतात. अशा तपासनिसालाही दावा लावता येतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केलं. आपल्याकडे प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याच रीतीने भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना मिळालेली वागणूक त्यांनी २०१५ मध्ये छापली.

हे काम आपल्या अभ्यासगटांना जमण्यासारखं आहे. दोघं जण, पगार सारखा, कुटुंब सारखं, आडनाव वेगळं. एकाच जाहिरातीवर तासाभराच्या अंतराने फोन करायचा. तारीख, वेळ, एजंटाचे शब्द वहीत लिहायचे, नकार व्हॉट्सॲपवर लेखी मागायचा. ज्याला स्वतःला घर हवं होतं आणि नाकारलं गेलं, त्याने वकिलाला सोबत घेऊन कलम ४ चा तक्रार अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा आणि पोच घ्यायची. पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या वसतिगृहांतून दर जून-जुलैत शेकडो पोरं खोल्या शोधायला बाहेर पडतात. सुरुवात तिथून करू.