बी.ए. झाले म्हणजे 'सायकॉलॉजिस्ट' झाले का?

बारावीचा निकाल लागला की मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात रुग्णांखेरीज आणखी काही मंडळी येऊ लागतात. सातारा, सांगली, रत्नागिरीकडचे पालक असतात, सोबत बहुधा मुलगी. मामाचे घर घाटकोपरला किंवा आत्याचे बोरिवलीला, त्यामुळे राहण्याची सोय झालेली असते. मुलीला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचे असते आणि वडिलांना एकच विचारायचे असते, "डॉक्टर, तीन वर्षांनी हिला स्वतःचा दवाखाना काढता येईल ना?"

येणार नाही. हे उत्तर ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. परंतु प्रवेशाच्या वेळी पडलेला चेहरा हा तीन वर्षांनंतरच्या निराशेपेक्षा बरा. म्हणून या पदवीच्या अटी कोणत्या, त्या कशासाठी आहेत आणि पदवी हाती आल्यावर काय करता येते, याचा आज विचार करू.

उपनगरांत अंधेरीचे भवन्स, विलेपार्ल्याचे मिठीबाई, मुलुंडचे वझे-केळकर अशा महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवले जाते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी हा इतर विषयांसारखा एक विषय असे, दुसऱ्या वर्षी त्याचा वाटा वाढे आणि तिसऱ्या वर्षी सहाही पेपर त्याचेच घेता येत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे दुय्यम विषय अशी मांडणी आली आहे. श्रेयांकांचा हिशेब सोपा आहे. पंधरा तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक मिळतो, प्रात्यक्षिकाला त्याच एका श्रेयांकासाठी तीस तास द्यावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. प्रवेश घेताना पालकांनी एवढे तरी विचारावे, की येथे मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत घेता येते का, आणि प्रात्यक्षिकाच्या जागा किती आहेत? पहिल्या वर्षी शिकवतात तेथे तिसऱ्या वर्षीही शिकवतात, असे गृहीत धरू नये.

विद्यार्थ्यांची पहिली तक्रार असते ती संख्याशास्त्राची. "गणित नको म्हणून तर आर्ट्सला आलो, इथेही तेच!" असे मुले म्हणतात. ही अट का आहे ते एका उदाहरणाने सांगतो. बुद्धिमापनाच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी गुणांक १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते. म्हणजे शंभरांतली सुमारे ६८ माणसे ८५ ते ११५ या दरम्यान येतात आणि सुमारे ९५ माणसे ७० ते १३० या दरम्यान. समजा, एका मुलाला ६९ गुणांक मिळाला. त्या दिवशी तो तापातून नुकताच उठलेला होता, चाचणीची भाषा त्याच्या घरची नव्हती. शिवाय कोणत्याही मापनात काही गुणांची चूक गृहीतच असते. संख्याशास्त्र समजलेला माणूस हे सारे लक्षात घेऊन अहवाल लिहील, मुलाचे रोजचे वागणे पाहील, गरज पडल्यास चाचणी पुन्हा घेईल. न समजलेला माणूस ६९ हा आकडा पाहून 'मतिमंद' असा शेरा मारून मोकळा होईल. त्या एका शब्दाने मुलाची शाळा बदलते, घरातले त्याचे स्थान बदलते. मुलाचे आयुष्य त्या पेपराच्या पलीकडच्या टोकाला असते.

दुसरी अट प्रात्यक्षिकांची. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवणे, दोन सारख्या रेषांपैकी एक लांब भासवणारा म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम, निळ्या शाईत छापलेला 'लाल' हा शब्द पाहून शाईचा रंग सांगणे, असे हे प्रयोग असतात. एक विद्यार्थी प्रयोग करतो, दुसऱ्यावर तो होतो. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. पण प्रत्येकाला त्याच शब्दांत सूचना द्यायच्या, समोरच्याला उत्तर सुचवायचे नाही, दिसले तेवढेच लिहायचे आणि त्याची माहिती गुप्त ठेवायची, ही शिस्त येथेच अंगी बाणते. पुढे रुग्णासमोर बसल्यावर हीच शिस्त कामाला येते. म्हणून मागच्या वर्षीच्या मुलांचे जर्नल उतरवून काढणाऱ्यांचे मला वाईट वाटते. बोरिवलीहून गर्दीची गाडी पकडून यायचे, ७५ टक्के हजेरी सांभाळायची, त्यात जर्नल लिहायचे. दमछाक होते हे मान्य. तथापि ज्याने स्वतः निरीक्षण लिहिलेच नाही, तो पुढे दुसऱ्याच्या दुःखाची नोंद कशी करणार?

आता पदवीनंतरचे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे कोण, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट केलेले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील पात्रता त्यासाठी हवी. आजवरचा रूढ मार्ग म्हणजे बी.ए., मग एम.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., ज्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एम.फिल. पदवी बंद केली. या शाखेला त्यातून काही काळ सवलत मिळाली आणि २०२४ पासून पुनर्वास परिषदेने या विषयाचे नवे अभ्यासक्रम आणले. त्यात बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्सही आहे. तेव्हा जाहिरात पाहून पैसे भरू नयेत, परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी आधी पाहावी. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. मानसशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देण्यास आयोगाने २०२५ साली मनाई केली. घरबसल्या मानसशास्त्रज्ञ होण्याचा रस्ता नव्या विद्यार्थ्यांना त्यामुळे बंद झाला आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांच्यातील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नाही. मग बी.ए. झालेल्या मुलीने चार माणसांना आधार दिला तर बिघडले कुठे?

आधार दिला तर काहीच बिघडत नाही. निदान केले तर बिघडते. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. पस्तिशीतली एक गृहिणी सतत थकलेली, रडवेली, कशात मन नाही. कोणा हौशी समुपदेशकाकडे सहा महिने तिच्या 'नकारात्मक विचारां'वर चर्चा झाली. पैसे गेले आणि बाईंना वाटू लागले की दोष आपल्याच स्वभावात आहे. पुढे रक्त तपासले तेव्हा थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले निघाले. औषध सुरू झाल्यावर हळूहळू त्या माणसांत आल्या. असे आजार उदासीनतेचा वेश घेऊन येतात, हे ओळखायला देखरेखीखाली पुष्कळ रुग्ण पाहावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीत ते होत नाही आणि व्हावे अशी तिच्याकडून अपेक्षाही नाही.

मग बी.ए.चा उपयोग काय? पुष्कळ आहे. शाळेत, हेल्पलाइनवर, स्वयंसेवी संस्थेत, कारखान्याच्या कर्मचारी विभागात, पत्रकारितेत माणूस समजून घेणारा माणूस हवाच असतो. संस्थेने प्रशिक्षण देऊन घेतलेल्या कामात असा पदवीधर नीट ऐकून घेऊ शकतो, धोक्याची खूण ओळखू शकतो आणि योग्य दारापर्यंत रुग्णाला पोहोचवू शकतो. अर्ध्या जिल्ह्याला आज तेवढेच मिळाले तरी मोठे काम होईल. फक्त दारावरच्या पाटीत आपल्या शिक्षणापेक्षा मोठा शब्द नसावा.

विद्यार्थ्यांच्या प्रकृतीविषयीही दोन शब्द. मनोविकृतीचा पेपर सुरू झाला की वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रत्येक आजार आपल्यालाच झाल्यासारखा वाटतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांचेही असेच होते. ही भीती बहुधा ओसरते. काही मुले मात्र घरातल्या दुःखाचे उत्तर शोधायला या विषयाकडे आलेली असतात. वडिलांचे व्यसन असते, आईचा आजार असतो, कधी स्वतःचीच उदासी असते. त्यांना माझे सांगणे असे की अभ्यासक्रम हा उपचार नव्हे. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर परीक्षेनंतर पाहू म्हणून थांबू नये. शिक्षकांशी बोलावे, डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो.

पालकांनी मुलीला हा विषय जरूर घेऊ द्यावा. मात्र हिशेब तीन वर्षांचा धरू नये; पाच ते सात वर्षांचा धरावा आणि त्या खर्चाचे बोलणे पहिल्याच वर्षी घरात करून घ्यावे. आणि वाचकांनी, समुपदेशकाकडे जाताना, "आपले शिक्षण काय, नोंदणी कोणती?" असे विचारायला संकोचू नये. ज्याने सगळ्या अटी पुऱ्या केल्या आहेत, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.