दया हवी, तशी विद्याही हवी

एखाद्या संध्याकाळी घरातला तरुण मुलगा धीर एकवटून सांगतो, "माझे मन मुलींकडे ओढ घेत नाही." मग आपण काय करतो? आई पवित्र मातेच्या तसबिरीपुढे रडत बसते. वडील दोनपैकी एक वाट धरतात : लग्न उरकून टाकणे, नाहीतर 'डॉक्टरला दाखवणे'. उत्तनच्या कोळीवाड्यात काय किंवा मीरा रोडच्या इमारतींत काय, चित्र एकच. पहिल्या वाटेवर एका निरपराध मुलीच्याही संसाराची राख होते. पण दुसरी वाट तरी निर्धोक आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 साली हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले. जो आजारच नाही, त्यावर उपचार कसला? तरीही औषधे, संमोहन, विजेचे झटके यांनी मुले 'सुधारून' देणारे आपल्या देशात निघालेच. अखेर 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. परंतु हा अंकुश डॉक्टरांपुरता आहे. धर्मग्रामाच्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या सेवाभावी माणसाला तो लागू नाही.

कोणी म्हणेल, "मन प्रेमळ असले म्हणजे झाले, शिक्षण कशाला?" त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे पाहावे. 2021 साली दोन तरुणींचे प्रकरण न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आले. आपल्याच मनात पूर्वग्रह आहेत हे त्यांनी उघडपणे मान्य केले आणि निकालापूर्वी ते स्वतः एका मानसतज्ज्ञापुढे शिकायला बसले. न्यायासनावरील माणसाला शिकण्यात कमीपणा वाटला नाही; मग आपल्या समुपदेशकांनाच तो का वाटावा?

शिकायला दूर जायला नको. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था 2019 पासून समुपदेशकांसाठी याच विषयाचा अभ्यासक्रम चालविते. शिकविणाऱ्यांत स्वतः या समूहातील मानसतज्ज्ञ आहेत. मुलाला बदलायचे नसते. घराच्या, समाजाच्या धाकाने त्याच्या मनावर झालेले घाव ओळखायचे असतात, हे तेथे शिकविले जाते.

"पण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे काय?" हा आक्षेप मी टाळणार नाही. ख्रिस्तसभा समलिंगी संबंधांना नैतिक मान्यता देत नाही, हे खरे. परंतु तिच्याच धर्मशिक्षण ग्रंथात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने स्वीकारावे व त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असे बजावले आहे. समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, हे पोप फ्रान्सिस यांनी 2023 साली स्पष्ट सांगितले. आणि खचलेल्या मुलाला सावरणे हे कोणत्या शिकवणुकीच्या विरुद्ध आहे?

दयाळू शमरोनी आठवा. वाटेवरच्या जखमीपाशी तो नुसता हळहळत उभा राहिला नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या. त्याच्या दयेला हातांचे कसब होते. म्हणून माझी मागणी साधी आहे : ज्या धर्मग्रामात समुपदेशन केंद्र आहे, तेथील प्रत्येक समुपदेशकाला आधी हे शिक्षण मिळावे. आणि आईवडिलांनो, मुलाला कोणाकडे नेण्यापूर्वी एवढेच विचारा : "तुम्ही याला बदलू पाहणार आहात काय?" उत्तर 'होय' आले, तर मुलाचा हात धरून तत्क्षणी घरी परता.