जुन्या जीपचा रेडिएटर बदलताना

वडापच्या जुन्या जीपवर ज्यांचे घर चालते, त्या बांधवांसाठी आज थोडे. उन्हाळ्यात घाटात काटा लालवर गेला, की ‘नवा रेडिएटर टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. आधी फॅनबेल्ट सैल आहे का पाहा, मग जुना रेडिएटर उतरवून तपासून घ्या. तांब्या-पितळेचा असेल तर गळतीला डाग देता येतो; टाक्या शाबूत असतील तर नुसता कोअर बदलूनही भागते. प्लॅस्टिकच्या टाकीला मात्र डाग बसत नाही.

नवाच घ्यायचा ठरला तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. जुन्या जीपमध्ये इंजिन कधी बदललेले असते, त्यामुळे नुसते गाडीचे नाव सांगून उपयोग नाही. होज पाइपची तोंडे, बोल्टची भोके, कोअरची जाडी शेजारी ठेवून मोजा. जाड कोअर चांगला खरा, पण पंखा घासता कामा नये. झाकणही मूळ दाबाचेच हवे. जास्त दाबाने जुने पाइप फुटतात. आणि हो, तांब्याचा जुना रेडिएटर दुकानात फुकट सोडून येऊ नका. मोडीत त्याला चांगला भाव येतो!

बसवण्यापूर्वी इंजिनातला गंज धुऊन घ्या, नाहीतर तोच गाळ नव्या नळ्यांत बसेल, इंजिन पुन्हा तापेल आणि हेड गॅस्केट जाऊन महिन्याची कमाई गॅरेजात जाईल. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घाला. उरलेल्या कूलंटचा डबा मुलांपासून दूर ठेवा. ते चवीला गोड, पण विषारी असते.