क्लिक एक, वार दोन!

मोबाइल घेताना माणूस महिनाभर रिसर्च करतो. बूट घेताना चार दुकानं पालथी घालतो. आणि माऊस? 'कुठलाही दे रे, चालतोय!' ऑफिसात आयटीवाल्याने टेबलावर आणून ठेवला तो माऊस, घरी कॉम्प्युटरसोबत आला तो माऊस. पण रात्री साडेदहानंतर हेडफोन चढवून मैदानात उतरणाऱ्यांना विचारून बघा. त्यांच्यासाठी माऊस म्हणजे बॅट्समनची लाडकी बॅट असते, बॉस! वजन, ग्रिप, क्लिकचा आवाज, सगळं हाताला पाठ झालेलं असतं. तो बिघडला की फक्त खर्च निघत नाही, हात मोडल्यासारखं वाटतं.

बरं, माऊस एका झटक्यात मरतही नाही. तो आधी भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. तुम्ही एकदा क्लिक करता, तो दोनदा ऐकतो. तुम्ही बटण दाबून धरता, तो मध्येच सोडून देतो. ऑफिसात एक्सेलचे सेल सिलेक्ट करताना असं झालं तर आपण दोन शिव्या हासडून पुन्हा सिलेक्ट करतो. पण 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये? तिथे ग्रेनेड फेकायचा तर बटण दाबून धरायचं आणि योग्य क्षणी सोडायचं. माऊसनेच आधी सोडलं तर ग्रेनेड आपल्याच माणसांच्या पायात! स्नायपरचं तर विचारूच नका. एका राइट क्लिकला एक झूम, दुसऱ्याला आणखी जवळचा झूम. माऊसने एकाचे दोन केले की समोर शत्रू नाही, नुसती भिंत दिसते.

आमच्या ग्रुपमध्ये नेमकं हेच झालं. शाळेपासूनचे पाच जण, आता एक हिंजवडीत, एक ऐरोलीत, एक थेट डब्लिनला, बाकी आम्ही दोघं मुंबईत. लग्नं, शिफ्ट्स, ईएमआय या सगळ्यातून शुक्रवारची रात्र तेवढी शिल्लक राहिली आहे. दोन तास खेळ आणि खेळता खेळता आठवड्याभराच्या गप्पा. ऐरोलीवाल्याचा ग्रेनेड सलग तिसऱ्या शुक्रवारी आमच्यातच फुटला, तेव्हा डब्लिनवरून आवाज आला, 'अरे, तुला खेळायचंच नसेल तर सांग ना सरळ!' पुढचा शुक्रवार तो आलाच नाही. माऊस खराब झालाय हे कळायला आम्हाला आणखी एक आठवडा लागला. सतरा-अठरा वर्षांची दोस्ती एका शेंगदाण्याएवढ्या स्विचवर अडकली होती. मग म्हटलं, हा विषय मुळातून समजून घेऊ या.

पत्ती आणि तिची टणटण

तर फंडा असा आहे. माऊसच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्यात धातूची एक पातळ, लवचीक पत्ती. बटण दाबलं की ती टक्कन पलटते आणि समोरच्या टोकाला टेकते. आपण ऐकतो तो 'टिक' आवाज तिचाच. पण कॅरमच्या कडेवर स्ट्रायकर आपटून उडतो ना, तशी ही पत्ती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते. सर्किटला वाटतं, चार-पाच वेळा बटण दाबलं. म्हणून माऊसमधलं सॉफ्टवेअर क्षणभर थांबतं आणि त्या सगळ्या थरथरीला मिळून एकच क्लिक धरतं. याला म्हणतात 'डीबाउन्स'.

पत्ती जुनी झाली, टोकं झिजली, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढला की थरथर वाढते. सॉफ्टवेअरच्या थांबण्यापेक्षा ती लांबली की एका क्लिकचे दोन क्लिक होतात. त्यात माऊसमधून वाहणारा करंट अगदी नाममात्र असतो. मोठ्या करंटच्या स्विचमध्ये असा थर जळून जातो, इथे तो तसाच साचत राहतो. वर आपली किनारपट्टीची दमट हवा आणि घामट बोटं! गेमिंग माऊसमध्ये आणखी एक मेख असते. रिस्पॉन्स फास्ट दिसावा म्हणून कंपन्या डीबाउन्सची वेळ कमी ठेवतात, त्यामुळे झिजलेला स्विच तिथे लवकर उघडा पडतो.

तुमचा माऊस त्या वाटेवर आहे का, हे बघायला काही विकत घ्यायला नको. डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरवर थांबून थांबून पन्नास वेळा सिंगल क्लिक करा. फोल्डर मध्येच उघडला तर समजा, घंटा वाजली. मग बटण दाबून धरून रिकाम्या स्क्रीनवर चौकोन ओढा आणि हळूहळू फिरवत राहा. चौकोन मध्येच गायब झाला तर दुसरी घंटा!

दोन कोटींचा हिशोब

आता खरेदी. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, '२ कोटी क्लिक', '५ कोटी क्लिक'. वाचूनच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. ऑफिस आणि गेम मिळून रोज १० हजार क्लिक धरले, तर २ कोटी क्लिक २००० दिवस पुरतील. म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षं. मग दीड-दोन वर्षांत माऊस का बोंबलतो? कारण तो आकडा स्विचचा असतो, तोही ठरावीक परिस्थितीत मोजलेला. तुमच्या घरचा पावसाळा, टेबलावरचा चिवडा आणि हरल्यावर माऊसवर काढलेला राग त्यात धरलेला नसतो. शिवाय माऊस म्हणजे फक्त स्विच नाही. चाक, वायर, बॅटरी, वरचं रबर यांचं आयुष्य कुठे छापलेलं असतं?

दुसरा आकडा डीपीआयचा. २५ हजार, ३० हजार... वाढता वाढता वाढे! काउंटर-स्ट्राइकचे बहुतेक प्रोफेशनल खेळाडू ४०० किंवा ८०० डीपीआयवर खेळतात. आणि माऊसचा सेन्सर सहसा सगळ्यात शेवटी जातो. म्हणजे ज्याची गरज नाही आणि जे बिघडतही नाही, त्याच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो. हे पैसे वाचवा आणि जे आधी बिघडतं त्यावर खर्च करा. साधं गणित आहे.

लाल लाइट म्हणजे ऑप्टिकल नव्हे!

डबल क्लिकवर सगळ्यात पक्का इलाज म्हणजे ऑप्टिकल स्विच. यात सिग्नलसाठी धातूला धातू टेकवावाच लागत नाही. आत इन्फ्रारेड प्रकाशाचा किरण असतो, बटण दाबलं की त्याची वाट अडते किंवा मोकळी होते, आणि क्लिक नोंदवला जातो. थरथर नाही, ऑक्साइडचं टेन्शन नाही. रेझरने २०१९ मध्ये 'व्हायपर' या माऊसमध्ये असे स्विच आणले आणि ७ कोटी क्लिकचा दावा केला. लॉजिटेकने २०२२ मध्ये 'जी५०२ एक्स'मध्ये 'लाइटफोर्स' नावाचा संकर आणला, म्हणजे बोटाला लागणारा टिक यांत्रिक, पण सिग्नल प्रकाशाचा. ऑप्टिकल स्विच अमर आहे असं नाही, त्याचीही स्प्रिंग थकू शकते. पण एकाचे दोन होण्याचं मूळ कारणच त्यात उरत नाही.

फक्त दुकानात शब्द जपून वापरा. लॅमिंग्टन रोडवर मी 'ऑप्टिकल स्विचवाला दाखवा' म्हटलं, तर काउंटरवरच्या दादांनी शांतपणे माऊस उलटा केला. 'मॅडम, ऑप्टिकलच आहे, हा बघा ना लाल लाइट!' तो खालचा लाइट हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा. पोटात गोळा असलेले आणि सायबर कॅफेत नखाने साफ करावे लागणारे माऊस गेले, तेव्हापासून जवळजवळ सगळेच माऊस त्या अर्थाने ऑप्टिकल आहेत. आपल्याला हवाय बटणाखालचा ऑप्टिकल स्विच. बॉक्सवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पाकीट काढा.

हात फिरवा, मग बोला

स्विचनंतर बाकीच्या शरीराची तपासणी. वरचं रबर पहिल्या दिवशी मखमली लागतं, पण असलं मऊ कोटिंग दमट हवेत कालांतराने चिकट होतं. हाताला गुळासारखं लागणारं ते रबर आठवतंय ना? आपल्याकडे साधं, किंचित खरखरीत प्लास्टिक बेस्ट. चाक पुढे-मागे सावकाश फिरवा, प्रत्येक टप्पा बोटाला वेगळा जाणवला पाहिजे. वायरचा माऊस घेत असाल तर वायर जिथे माऊसमध्ये शिरते तो गळा बघा. तुटते ती तिथेच. ताठ वायरपेक्षा मऊ, कापडी विणीची वायर कमी पिळली जाते.

वायरलेस हवा? मस्त, पण आतली चार्जिंगची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमायला लागते, आणि ती बदलायला माऊस फोडावा लागतो. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे गेमिंग माऊसही मिळतात. लॉजिटेकच्या 'जी३०४'मध्ये एक सेल टाकला की कंपनी २५० तासांपर्यंतचा दावा करते. वजन थोडं वाढतं, पण सेल संपला तर खालच्या किराणा दुकानात नवा मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा हात! पूर्ण तळवा टेकवून धरणारे वेगळे, बोटं पंज्यासारखी वाकवणारे वेगळे, नुसत्या बोटांच्या टोकांनी हलवणारे वेगळे. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा आणि जुना माऊस आवडता असेल तर त्याची लांबी-रुंदीही लिहून न्या. हाताला न बसणारा माऊस आपण नकळत आवळून धरतो. मग स्विच टिकतो, पण मनगट दुखायला लागतं. मनगटाला वॉरंटी नसते.

वॉरंटी म्हटलं की बिल आलं. 'मॅडम, बिलाशिवाय दोनशे कमी' ही ऑफर गोड हसून नाकारा. बाहेरून आलेल्या मालाच्या बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ते स्टिकर नसेल तर माल मागच्या दाराने आलेला असू शकतो, आणि मग वॉरंटीसाठी दाद कुणाकडे मागणार? बिल असूनही दुकानदार किंवा कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात फोल्डरवाली टेस्ट आठवणीने करा.

टाकण्याआधी थांबा

वॉरंटी संपलेली असेल तर जुना माऊस कचऱ्यात फेकायची घाई नको. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सची वेळ वाढवता येते. त्याने काही महिने सहज निघतात. नाहीतर स्विच बदला. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात सोल्डरिंग गन असते आणि या स्विचला तीनच पाय असतात. साधा स्विच वडापावच्या हिशोबात येतो. एसुसच्या 'आरओजी ग्लॅडियस'सारख्या माऊसमध्ये तर सोल्डरिंगही लागत नाही, जुना स्विच उपटायचा, नवा दाबून बसवायचा. सतत खेळणाऱ्यांना ही सोय खरंच सोन्यासारखी आहे. उघडण्याचे स्क्रू बहुतेक वेळा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या आड लपलेले असतात, त्या पट्ट्या नव्याही मिळतात.

ऐरोलीवाल्याने शेवटी ऑप्टिकल स्विचचा, साध्या प्लास्टिकचा, वायरवाला माऊस घेतला. एकही रंगीत दिवा नाही म्हणून थोडा नाराज होता. जुन्याचा स्विच बदलून घेतला, तो आता त्याच्या आईच्या लॅपटॉपला आहे. काकू त्यावर पत्ते खेळतात, आणि डबल क्लिकची एकही तक्रार नाही!

थोडक्यात काय, तर 'हा किती वर्षं चालेल?' हा प्रश्न दुकानात विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'बिनधास्त घ्या' असंच येतं. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा, यातलं आधी काय बिघडेल, आणि बिघडल्यावर ते बदलता येईल का? टिकाऊ वस्तू म्हणजे कधीच न बिघडणारी नव्हे. टिकाऊ म्हणजे बिघडली तरी आपल्याला सोडून न जाणारी. जुन्या दोस्तांचंही तसंच असतं. आणि पुढच्या वेळी तुमच्या टीममधल्या कुणाचा ग्रेनेड तुमच्याच पायात फुटला ना, तर त्याला झापण्याआधी एकदा विचारा, 'माऊस किती जुना आहे रे तुझा?'