उपटलेल्या वेली, पेटलेले डोंगर

दक्षिण फ्रान्समधील कॉर्बिएर टापूच्या तांबड्या वाइनला बोर्दोचा मानमरातब नाही. कारिन्यां, ग्रनाश, सिरा या द्राक्षांचे हे दणकट मद्य सामान्यांच्या खिशाला परवडते, हीच त्याची ख्याती; आणि उत्पादकाची शोकांतिकाही तीच.

भाव कोसळण्याचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. १९०७ साली भेसळीविरुद्ध शेतकरी लाखोंनी रस्त्यावर आले. नार्बोनमध्ये लष्कराच्या गोळीबारात माणसे पडली. १९७६ मध्ये स्वस्त आयातीच्या प्रश्नावरून मोंत्रेदों येथे झालेल्या चकमकीत एक द्राक्षउत्पादक व एक पोलीस अधिकारी ठार झाले. १९८५ मध्ये कॉर्बिएरला नियंत्रित नामाभिधान लाभले. परंतु दर्जा म्हणजे दर नव्हे.

आता तर फ्रेंच माणूसच तांबडी वाइन कमी पितो. त्यावर शासनाचा उपाय कोणता? २०२४ मध्ये वेली कायमच्या उपटणाऱ्यास हेक्टरी ४,००० युरो देऊ करण्यात आले. पुरवठा घटविण्याचे हे गणित कागदावर बिनचूक आहे. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये याच टापूत सुमारे १६,००० हेक्टर भूमी वणव्याने वेढली, तेव्हा या हिशेबातील त्रुटी उघडी पडली. राखलेला द्राक्षमळा आगीला अडसर ठरतो. टाकून दिलेल्या मळ्यात झुडपे माजतात व ती आगीला वाट देतात.

या राखणीचे मोल बाटलीच्या किमतीतून वसूल होत नाही. ते समाजानेच दिले पाहिजे. वेल उपटण्यासाठी तिजोरी उघडते, तर ती जगविण्यासाठी का उघडू नये?