पहिली पसंती कुणाला?



२४ जून २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. रिंगणात बाई असताना मी पहिली पसंती दिली तेहतीस वर्षांच्या एका पुरुषाला, झोहरान ममदानींना. पुण्या-मुंबईच्या आणि इथल्याही मैत्रिणींनी त्याचा जाब विचारला. विचारणं रास्तच आहे, म्हणून यावेळी संपादकीयाची जागा त्यासाठी वापरते.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनी ठरवणं. आपल्याकडे तिकीट नेत्यांच्या बंगल्यावर ठरतं. २०२४ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी एक दशांश जागांवरही बायका निवडून आल्या नाहीत, त्याचं मूळ बरंचसं तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या या निवडणुकीत पाचपर्यंत पसंतीक्रम देता येतात, आपल्या पदवीधर मतदारसंघासारखे.

सर्वांत सोपा निर्णय होता तो अँड्र्यू क्युमोंना पाचात कुठेच न घेण्याचा. ते राज्याचे गव्हर्नर असताना ११ स्त्रियांचा त्यांनी लैंगिक छळ केला, असा निष्कर्ष अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या चौकशी अहवालाने ऑगस्ट २०२१मध्ये काढला. क्युमोंनी आरोप सतत नाकारले आणि कुठल्याही न्यायालयात त्यांना शिक्षा झाली नाही. राजीनामा मात्र त्याच महिन्यात द्यावा लागला. पुढे कोर्टबाजीत आपल्या स्त्रीरोगविषयक वैद्यकीय नोंदीसुद्धा मागितल्या गेल्या, असं तक्रार करणाऱ्या एकीने सांगितलं. तरी चार वर्षांत हेच गृहस्थ चाचण्यांमध्ये आघाडीवर! ‘काही म्हणा, कारभार जमतो त्यांना’ हे वाक्य मी बायकांच्याच तोंडून किती वेळा ऐकलं. विशाखा निकालाच्या आधी आपल्या कचेऱ्यांमधून साहेबांबद्दल हेच बोललं जायचं. क्युमोंवर कडक टीका करत आलेल्या आणि स्वतः उमेदवार असलेल्या राज्य सिनेटर जेसिका रामोस यांनी तर ऐनवेळी त्यांनाच पाठिंबा दिला. बाई म्हणून बाईला मत, हा हिशेब माझ्यापुरता तिथेच संपला.

एड्रिएन अॅडम्स यांचं मात्र तसं नव्हतं. त्या शहराच्या कौन्सिलच्या पहिल्या कृष्णवर्णीय सभापती. २०२२ साली त्यांनी पद घेतलं तेव्हा ५१ पैकी ३१ सदस्य बायका होत्या. त्याच कौन्सिलने शहराच्या आरोग्य केंद्रांत गर्भपाताच्या गोळ्या मोफत देण्याचा कायदा केला. या शहरात आजवर एकही बाई महापौर झालेली नाही. मग त्यांना दुसरी पसंती का?

याचं उत्तर माझ्या कामात आहे. मारहाणीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसोबत मी काम करते. कायद्याची माहिती त्यांना देता येते, वकीलही मिळतो. घोडं अडतं ते घरभाड्यापाशी आणि तान्ह्या मुलापाशी. पाळणाघराचा खर्च वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. मूल कुठे ठेवायचं ठरत नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून भाडं नाही आणि मग ती परत त्याच घरात. ममदानींनी सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलासाठी मोफत पाळणाघर आणि नियंत्रित भाड्याच्या घरांची भाडेवाढ थांबवणं, हे प्रचाराच्या केंद्रस्थानी आणलं. शिवाय पाळणाघरात राबणाऱ्यांना शिक्षकांच्या बरोबरीने पगार, असंही म्हटलं. त्या राबणाऱ्या बहुतेक बायकाच, त्यातही परदेशातून आलेल्या. पाळणाघर ही आपल्या चळवळीची किती जुनी मागणी! आपण ती मोर्च्यांत केली आणि प्रत्येक जाहीरनाम्यात ती शेवटच्या पानावर गेली. (ते मीरा नायर यांचे चिरंजीव आहेत म्हणून मत दिलं का, असं एकीने विचारलं. नाही, बाई!)

शंका होत्याच. विधानसभेतली चार-साडेचार वर्षं हा काही मोठा अनुभव नव्हे. आणि श्रीमंतांवरचा वाढीव कर शहराच्या हातात नाही, त्यासाठी ऑल्बनीची संमती लागते. म्हणूनच मला अॅडम्स लगेच मागे हव्या होत्या. तिसरे ब्रॅड लँडर, चौथे झेलनॉर मायरी. दुसरी पसंती म्हणजे वाया घालवलेलं मत नव्हे. २०२१ साली कॅथरिन गार्सिया शेवटच्या फेरीत सुमारे सात हजार मतांनी हरल्या आणि त्या फेरीपर्यंत लाखावर मतपत्रिका बाद झाल्या होत्या, कारण त्यांवर उरलेल्या दोघांपैकी कुणाचंच नाव नव्हतं.

अॅडम्स लवकर बाहेर पडल्या, याचं वाईट वाटलं. त्या मार्चमध्ये उतरल्या, तोवर फार उशीर झाला होता. ममदानी ५६ टक्क्यांनी जिंकले, नोव्हेंबरमध्ये महापौर म्हणून निवडून आले. जानेवारी २०२६मध्ये त्यांनी आणि गव्हर्नर कॅथी होकुल यांनी दोन वर्षांच्या मुलांपासून मोफत पाळणाघरांची सुरुवात जाहीर केली. म्हणजे सहा आठवड्यांचं बाळ कडेवर घेऊन येणारी बाई अजून थांबलेलीच आहे. ती बहुधा इथली नागरिक नसते, तिला मत नसतं. पगाराच्या बरोबरीचं काय झालं, हे विचारायला आम्ही कौन्सिलच्या सुनावण्यांना जातो आहोत. तुमच्याकडच्या अंगणवाडी सेविकांच्या मानधनाच्या लढ्याचे अनुभव जरूर लिहून पाठवा. इथे सांगायला उपयोगी पडतील.