फॉर्म १६ चुकला, तर ‘जाऊ दे’ म्हणू नका



आजचा विषय रुक्ष वाटेल, पण ज्या घरात एक तरी पगार येतो त्या घराचा तो विषय आहे. आपल्या घोटीत एके काळी समाज म्हणजे किराणा, कापड आणि भाताची गिरणी. आज त्याच घरांतली मुलं, मुली, सुना सातपूर-अंबडला, गोंद्याला, पुण्याला, बंगळुरूला नोकरी करतात. जूनमध्ये त्यांना कंपनीकडून फॉर्म १६ मिळतो. बहुतेक जण तो उघडूनही पाहत नाहीत. फाइल आली तशी सीएकडे पाठवून मोकळे होतात.

माझं म्हणणं साधं आहे. हा कागद घरात वाचला गेला पाहिजे, आणि त्यात चूक सापडली तर ती ज्याने केली त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतली पाहिजे.

फॉर्म १६ म्हणजे पगारातून कापलेल्या कराची पावती. त्याचे दोन भाग. ‘अ’ भागात दर तिमाहीला किती कर कापला आणि किती सरकारात भरला ते असतं. ‘ब’ भागात पगाराचा तपशील, वजावटी आणि कराचा हिशेब असतो. दोन्ही भाग कंपनीने आयकर खात्याच्या ‘ट्रेसेस’ या संकेतस्थळावरून उतरवून १५ जूनपर्यंत द्यायचे असतात. कंपनी दर तिमाहीला २४क्यू नावाचं पत्रक भरते, त्यातूनच हा फॉर्म तयार होतो. म्हणजे २४क्यू ही खतावणी आणि फॉर्म १६ हा त्यातला आपला उतारा. खतावणीत चूक असेल तर उताऱ्यावर खाडाखोड करून काय उपयोग?

हल्ली बऱ्याच कंपन्या पगाराचं काम स्वतः करत नाहीत, बाहेरच्या संस्थेला देतात. तिथे एक कर्मचारी शेकडो माणसांचे पगार हाताळतो. चूक होते, आणि मग मुलांची फिरवाफिरवी सुरू होते. कंपनी म्हणते, पगारवाल्या संस्थेला विचारा. संस्था म्हणते, कंपनीकडून माहितीच तशी आली. या वादात आपण पडायचं कारण नाही. ज्या टॅन क्रमांकावर कर कापला गेला, तो क्रमांक ज्या कंपनीचा, कायद्याने जबाबदारी तिची. तिने काम कोणाला दिलं हा तिचा प्रश्न. आपण दुकानात माल घेतो तेव्हा वजन दुकानदाराकडूनच पुरं करून घेतो, त्याच्या हमालाशी भांडत नाही.

आता सगळ्या चुका सारख्या नसतात, हे नीट समजून घ्या. काही चुका रिटर्न भरताना आपल्याला सावरता येतात. समजा, मुलाने जुनी करपद्धत निवडली होती आणि त्याची ८०सी ची दीड लाखाची वजावट कंपनीने धरलीच नाही. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ३१,२०० रुपये जास्त कापले गेले. पुरावे जवळ असतील तर ती वजावट रिटर्नमध्ये मागता येते आणि पैसे परत मिळतात. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते, म्हणून जुनी हवी असं कळवूनही नवीनेच कर कापला गेल्याची तक्रार पुष्कळ ऐकू येते. नोकरदाराचं धंद्याचं उत्पन्न नसेल तर मुदतीत रिटर्न भरताना त्याला पद्धत बदलता येते.

पण दुसऱ्या प्रकारच्या चुका आपल्या हातात नसतात. पॅन चुकला, कापलेला कर भरलाच गेला नाही, भरला पण भलत्याच तिमाहीत किंवा भलत्याच्या नावावर दाखवला, न मिळालेला पगार मिळाला म्हणून लिहिला. यावर रिटर्नमध्ये कितीही मलमपट्टी केली तरी खात्याच्या नोंदी जुळत नाहीत, आणि नोंदी जुळल्या नाहीत की आपल्यालाच कर मागणारी नोटीस येते. इथे एकच इलाज, कंपनीने २४क्यू चं दुरुस्ती पत्रक भरायचं. कर्मचाऱ्याला ते स्वतः भरता येत नाही.

आमच्या नात्यातल्या एका सुनेचं उदाहरण सांगते, कारण ते आपल्या बायकांच्या बाबतीतच घडू शकतं. पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललं, कार्डावर नवं नाव आलं, तरी क्रमांक तोच राहतो. त्यामुळे पाचवं अक्षर माहेरचंच असतं. पुण्यातल्या नव्या कंपनीच्या पगाराचं काम बघणाऱ्या माणसाला ते अक्षर चुकीचं वाटलं. त्याने सासरच्या आडनावाप्रमाणे ते ‘सुधारलं’! वर्षभर दर महिन्याला कर कापला जात होता, पण तिच्या २६एएस मध्ये चारही तिमाह्या कोऱ्या. वर कंपनीने ट्रेसेसचं चिन्ह नसलेला, घरीच टंकलेला फॉर्म १६ हातात दिला. त्याच महिन्यात त्यांचा घरकर्जाचा अर्ज बँकेत होता.

तिला पुष्कळांनी सांगितलं, ‘नवी नोकरी आहे, वाईटपणा कशाला घेतेस?’ तिने वाईटपणा न घेता काम केलं. बाराही पगारपावत्या आणि बँकेचे उतारे जोडून कंपनीला एक मेल लिहिली. त्यात आरोप नव्हता. माझा खरा पॅन हा, तुमच्या पत्रकातला हा, चारही तिमाह्यांची दुरुस्ती करून ट्रेसेसवरचा नवा फॉर्म १६ द्यावा, एवढंच. दर आठवड्याला त्याच मेलखाली एक आठवण. सहा आठवडे लागले, पण पत्रक दुरुस्त झालं, २६एएस भरला आणि मगच तिने रिटर्न भरलं.

यात मला पटलेली गोष्ट म्हणजे लेखी मागणी. फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं. लिहिलेलं राहतं, आणि पुढे आयकर खात्याला दाखवता येतं. कंपनी दादच देत नसेल तर आयकराच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. एआयएस मध्ये चुकीची रक्कम दिसत असेल तर तिथेही ‘माहिती बरोबर नाही’ असं कळवता येतं. फॉर्म १६ वेळेवर न देणाऱ्याला दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. धमकी म्हणून नाही, पण आपला हक्क किती पक्का आहे हे मुलांना ठाऊक असावं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कर कापून तो भरायचाच नाही. किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे घडलं आणि देशभर गाजलं. पगार थकले ते वेगळंच, वर कापलेला कर सरकारात पोहोचला नव्हता. अशा वेळी माणूस घाबरून दुसऱ्यांदा कर भरून टाकतो. तसं करू नका. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की कर एकदा पगारातून कापला गेला की तो पुन्हा त्या माणसाकडून मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं आणि वसुली कंपनीकडून करा असा निर्वाळा दिला. २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही अशा लोकांवर वसुलीची सक्ती करू नये अशी सूचना आपल्या अधिकाऱ्यांना दिली. मात्र कर कापला गेला हे दाखवायला पगारपावत्या लागतात. म्हणून त्या दर महिन्याला उतरवून ठेवायला मुलांना सांगा. नोकरी सुटली की कंपनीचं खातं बंद होतं आणि पावत्याही त्याच्याबरोबर जातात.

इथवर मी पगार घेणाऱ्या घरांविषयी बोलले. आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या समाजाला जास्त लागू आहे. आपल्यातली कितीतरी घरं पगार देणारी आहेत. गिरण्या आहेत, कारखाने आहेत. समाजाच्या ट्रस्टच्या शाळा, दवाखाने, पतसंस्था आहेत. तिथल्या शिक्षकाचा, व्यवस्थापकाचा कर आपण कापतो. तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. ‘हंगाम आहे, पैसा मालात अडकलाय, पुढच्या महिन्यात भरू’ हे मी कानांनी ऐकलेलं आहे. ते पैसे आपले नसतात. प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताच्या वेळी आपण मोठ्या असत्यांची नावं घेतो. त्यात थापणमोसो आहे, म्हणजे दुसऱ्याची ठेव दाबणं. अतिचारांत कूडलेह आहे, म्हणजे खोटा लेख. कापून न भरलेला कर ही ठेव आहे, आणि भरला असं लिहून दिलेला फॉर्म हा खोटा लेख आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात याला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होती. पण मला कैदेपेक्षा ते शब्द जास्त बोचतात, कारण आपण ते तोंडाने म्हणतो.

चूक आपल्या फायद्याची असली तरी हाच न्याय. वर्षात नोकरी बदलली आणि नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नाही, तर दोन फॉर्म १६ येतात आणि दोन्हींत प्रमाणित वजावट धरलेली असते. नव्या पद्धतीत ती ७५,००० रुपये आहे, पण वर्षाला एकदाच मिळते. सीएला दोन्ही फॉर्म द्या. मुलगा म्हणेल, ‘कंपनीनेच कमी कर कापला, माझा काय दोष?’ त्याला सांगा, वहीत चूक दिसल्यावर गप्प बसलास तर तिथून पुढे दोष तुझाही.

काही भगिनी म्हणतील, संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम म्हटलं, आता कोणाच्या चुका कशाला काढायच्या? क्षमा माणसाला करायची असते, आकड्याला नाही. हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाची, असं आपल्यात म्हणतात ते उगीच नाही. ज्याने अक्षर चुकवलं त्याच्यावर राग धरू नये, पण अक्षर दुरुस्त झाल्याशिवाय थांबूही नये.

आणि ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नका. १९६१ च्या आयकर कायद्यात कंपनीला जुनं पत्रक दुरुस्त करायला सहा वर्षं मिळत होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ही मुदत दोनच वर्षांची आहे.  एका रविवारी मुलांना घेऊन बसा. फॉर्म १६, २६एएस आणि बारा पगारपावत्या समोर ठेवा. पॅनची दहाही अक्षरं बोट ठेवून वाचा. चारही तिमाह्यांचा कर दोन्ही कागदांत जुळतो का पाहा. पावत्यांवर कापलेल्या कराची बेरीज करा. यासाठी बी. कॉम. व्हावं लागत नाही. महिन्याच्या वाण्याच्या यादीत दोन रुपयांचा फरक आपल्याला चटकन दिसतो. तीच नजर इथे लावायची.